झील कोणी धरली होती?

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं आणि लोहा मागे पडलं की अहमदपूरच्या अलीकडे माळेगाव येतं. वर्षातले बहुतेक दिवस गाडी इथं क्षणभर थांबते, दोन-चार माणसं उतरतात आणि ती पुढं निघते. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरली की मात्र याच माळावर एक गाव वसतं. घोडे, गाढवं, उंट घेऊन दूरदूरचे व्यापारी येतात, भंडाऱ्यानं माणसांची कपाळं पिवळी होतात, येळकोटाचा गजर उठतो आणि अंधार पडला की तमाशाच्या तंबूंमधून ढोलकी बोलायला लागते. यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. पशुप्रदर्शन, कुस्त्या, लावणी महोत्सव हे सगळं तिच्याच देखरेखीत पार पडतं.

मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांच्या गाण्याची गोष्ट याच माळावरून सुरू करावी, कारण इथं एका रात्रीत सगळ्या परंपरा हाकेच्या अंतरावर भेटतात. देवळापाशी वाघ्या-मुरळी, वाटेवर पोतराज, पालात उतरलेले गोंधळी, तंबूत फड. देव वेगळे, वेश वेगळे, वाद्यं वेगळी; पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. गाणारा एकटा नसतो. एक ओळ उचलतो, दुसरा ती झेलतो. एक सांगतो, दुसरा त्याला जाब विचारतो. गेल्या तीन-चार पिढ्यांनी ज्या आवाजांवर जीव लावला, ते बहुतेक असे जोडीचे आवाज होते. आणि त्या जोड्यांमधल्या दुसऱ्या माणसाची नोंद आपण फार हयगयीनं ठेवली. हा लेख त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

बोर्डावरची दोन नावं

तमाशाच्या फडाचा बोर्ड वाचला तरी जोडीची ताकद कळते. तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर. दत्ता महाडिक पुणेकर सह गुलाबराव बोरगावकर. मंगला बनसोडे सह नितीनकुमार. विठाबाई नारायणगावकर ज्या घरातून आल्या, त्या घरचा फडही भाऊ-बापू या जोडनावानंच ओळखला जाई. नवरा-बायको, आई-मुलगा, भाऊ-भाऊ, नाहीतर नुसते दोन कलावंत. नाती निराळी, पण तिकीट काढणाऱ्याला दोन्ही नावं हवी असायची. त्यातलं एक नाव गळलं तर राहुटीसमोरची गर्दी कमी होते, हे फडमालकाला पक्कं ठाऊक होतं.

या सगळ्यांत घराघरांत पोचलेली जोडी काळू-बाळूंची. लहू आणि अंकुश खाडे हे सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे जुळे भाऊ. त्यांच्या घरात जोडनावाची रीत आधीपासून होती. वडिलांच्या पिढीत शिवा-संभा कवलापूरकर हे नाव गाजलेलं होतं. 'जहरी प्याला' या वगात या दोघांनी काळू आणि बाळू हे दोन हवालदार उभे केले आणि त्या भूमिकांची नावं त्यांना जन्मभर चिकटली. चेहरे सारखे, पोशाख सारखा, आवाजाची फेकही सारखी. कोण काळू आणि कोण बाळू, हा प्रश्न प्रेक्षकाला रात्रभर पुरायचा. खाडे हे आडनाव लोक विसरले, लहू आणि अंकुश ही नावंही विसरले. उरलं ते एकच जोडनाव, ज्यातून एकाला बाजूला काढताच येत नाही.

फडात जोडी फक्त बोर्डावर नसते, ती तमाशाच्या बांधणीतच आहे. खेळ सुरू होतो तो ढोलकी आणि हलगीच्या सलामीनं. ढोलकीवाला एक तोडा वाजवतो, हलगीवाला तोच तोडा आपल्या कातड्यातून काढून दाखवतो आणि वर स्वतःची भर घालतो. गण झाला की गवळण येते, आणि गवळणीत पेंद्या आणि मावशी असल्याशिवाय कृष्णाला काही करता येत नाही. बतावणीत सोंगाड्या नायकाच्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडतो. आणि या सगळ्याच्या मागे, डफ-तुणतुण्यापाशी, सुरत्ये उभे असतात. शाहिरानं कडवं संपवलं की त्याचं शेवटचं अक्षर उचलून 'जी जी'चा सूर लांबवत नेतात तेच. या सूर धरण्याला झील म्हणतात, आणि ती धरणाऱ्याला झीलकरी. झील सैल पडली तर शाहिराचा गळा कितीही चांगला असो, लावणी उभी राहत नाही. फडातली जाणती माणसं नव्या शाहिराला ऐकताना आधी त्याच्या मागच्या झिलीकडे कान देतात.

माहूर ते तुळजापूर

तमाशाचे मोठे फड मराठवाड्यात आले ते पश्चिम महाराष्ट्रातून. गोंधळ मात्र इथल्या मातीतला आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेच्या टोकाला माहूरगडावर रेणुकामाता आहे, आणि लातूरहून दीड-दोन तासांच्या वाटेवर तुळजापूरला भवानी आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी ही दोन. गोंधळ्यांच्या दोन मुख्य शाखाही याच दोन देवींच्या: रेणुकेचे ते रेणुराई आणि भवानीचे ते कदमराई. नांदेड-लातूरचा पट्टा या दोन देवस्थानांच्या मधोमध येतो, त्यामुळे इथल्या लग्नघरात कुठल्या देवीचा गोंधळ घालायचा हे त्या घराचा कुळाचार ठरवतो.

गोंधळ कसा सुरू झाला, याची कथा गोंधळी स्वतः माहूरलाच नेऊन सोडतात. परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या शिराचं वाद्य केलं, त्याला तंतू लावला आणि ते वाजवत तो आईसमोर, रेणुकेसमोर, आला. म्हणजे पहिला गोंधळ लेकानं आईपुढं घातला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथात गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज, वासुदेव या सगळ्यांचा मागोवा घेतला. औरंगाबादेत राहून डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्याच्या लोककलावंतांमध्ये हिंडून आयुष्यभर अभ्यास केला. या दोघांमुळे गोंधळाला अभ्यासकांच्या जगात मान मिळाला. पण गोंधळ पुस्तकातून समजत नाही, तो अंगणात बसून ऐकावा लागतो.

लग्न लागल्यानंतरच्या एखाद्या रात्री अंगणात घट मांडतात. नवं वस्त्र अंथरतात, धान्याचा चौक भरतात, त्यावर कलश, विड्याची पानं, नारळ, देवीचा टाक. पाच ताटं उभी करून वर एकत्र बांधतात. दिवटी पेटते. मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, पुढं उभा राहतो: पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ. त्याच्या मागे संबळ, आणि संबळापाशी तुणतुणं घेऊन एक माणूस, ज्याच्याकडे सुरुवातीला कोणाचं लक्ष जात नाही.

संबळ हे वाद्यच जोडीचं आहे. कमरेला एकत्र बांधलेली दोन तोंडं, एक उंच बोलणारं आणि एक खर्जातलं. दोन काठ्यांनी वाजवतात, आणि त्यातल्या एका काठीचं टोक वळलेलं असतं. सुरुवातीला गण, मग देवदेवतांना गोंधळाला येण्याचं बोलावणं. गावोगावच्या देवांची नावं एकामागून एक येतात, आणि प्रत्येक नावानंतर संबळ एक ठोका जास्त टाकतो. हा पूर्वरंग. यात नाईकच सगळं ओढून नेतो.

खरी जोडी उघडते ती उत्तररंगात, आख्यान सुरू झालं की. नाईक एखाद्या राजाची नगरी वर्णू लागतो. सोन्याचे कळस, रत्नांचे खांब. तुणतुणेवाला मधेच विचारतो, 'नाईक, त्या नगरीला लोह्याहून गाडी हाय का?' लोक हसतात. नाईक त्याला दटावतो, पुन्हा कथेवर येतो. राणी रुसली की हा विचारतो, रुसायला काय झालं, घरात ज्वारी नव्हती काय? पुन्हा हशा. पण तो हसवायला उभा नाही. त्याचं काम नीट पाहिलं तर चार कामं दिसतात. एका तारेच्या तुणतुण्यावर तो नाईकाचा सूर धरून ठेवतो. नाईकाच्या ओळीचा शेवटचा शब्द उचलून पुन्हा म्हणतो, तेवढ्यात नाईक श्वास घेतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला काय कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखून तोच प्रश्न स्वतःच्या तोंडून विचारतो. आणि मध्यरात्र उलटून नाईकाचा आवाज बसायला लागला की कथा काही वेळ स्वतःच्या खांद्यावर घेतो. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायांना हे माहीत असतं. नाईकाच्या पाया पडून झालं की त्या साथीदारालाही मुद्दाम सुपारी-दक्षिणा देतात.

परभणीचे गोंधळमहर्षी राजाराम कदम यांनी ही कला मराठवाड्याच्या अंगणातून मोठ्या रंगमंचावर नेली. द्रौपदीच्या मनातलं कर्णाविषयीचं प्रेम उघड करणारं जांभूळ आख्यान गोंधळ्यांच्या परंपरेतलंच. पुढं शाहीर विठ्ठल उमप यांनी ते नाट्यगृहात उभं केलं आणि शहरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. त्या आख्यानाचा सगळा डोलारा एकाच्या निवेदनावर आणि दुसऱ्याच्या प्रश्नांवर उभा आहे. द्रौपदीच्या मनातली गोष्ट बाहेर काढायची तर कोणीतरी तिला विचारावं लागतं.

वाघ्या, मुरळी आणि पोतराजाची बायको

माळेगावचा देव खंडोबा. त्याचं जागरण वाघ्या-मुरळीशिवाय होत नाही. वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घोळ, सोबतीला तुणतुणं. दिमडी दिसायला वीतभर, पण तिचा ठोका मैलभर जातो. पूर्वी ती घोरपडीच्या कातड्यानं मढवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला अभय मिळालं, आणि आता दिमडीवर फायबर आलं. जुने वाघे सांगतात की आवाज बदलला. पण घोरपड वाचली हे चांगलंच झालं. खंडोबाच्या दरबारात म्हाळसा आणि बाणाई या दोघींचं भांडण रंगतं, तेव्हा वाघ्या आणि मुरळी त्या भांडणातले सगळे आवाज आपसात वाटून घेतात. वाणीण आणि धनगरीण, घरची आणि रानातली. हे भांडण ऐकताना पुढं बसलेल्या बायका ज्या तऱ्हेनं माना डोलावतात, त्यावरून कळतं की ते देवाचं राहिलेलं नाही, त्यांच्या घरातलं झालं आहे.

या जोडीबद्दल बोलताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. मुरळी पूर्वी देवाला वाहिलेली मुलगी असे. तिच्या गाण्यावर लोकांनी जीव टाकला आणि तिच्या आयुष्याची राख होऊ दिली. देवाला मुली सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रानं 2005 मध्ये देवदासी व्यवस्था निर्मूलनाचा नवा कायदा केला. आज जागरणात उभी राहणारी मुरळी बहुतेक ठिकाणी पोटासाठी गाणारी, संसारी कलावंतीण आहे. तिला वाघ्याइतकीच बिदागी मिळाली पाहिजे आणि वाघ्याइतकाच मान मिळाला पाहिजे. परंपरेतलं गाणं ठेवायचं आणि अन्याय टाकायचा, हे जमतं. जागरणानं ते दाखवून दिलं आहे.

पोतराजाची जोडीही अशीच नजरेआड राहिलेली. आसूडाचे फटके स्वतःच्या अंगावर मारून घेणारा पोतराज सगळ्यांना दिसतो. त्याच्या बाजूला मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेतलेली, एका हातानं ढोलकं घुमवणारी त्याची बायको असते. ढोलक्याचा तो घुमारा थांबला तर आसूड उचलताच येत नाही. त्याच्या पावलांना लय तीच देते. लहानपणी गल्लीत पोतराज आला की आम्ही पोरं त्याच्याकडे बघत पळायचो. तिचा चेहरा आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.

समोरासमोर

मराठवाड्याच्या जोड्यांचा दुसरा मोठा प्रवाह सामन्याचा. इथं दोघं एका बाजूला नसतात, समोरासमोर असतात. कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत तुरेवाला शिवाचं थोरपण मांडतो, कलगीवाला शक्तीचं. एक कोडं घालतो, दुसरा ते सोडवून उलट नवं घालतो. रात्र संपते, पण शिव मोठा की शक्ती, याचा निकाल लागत नाही. तो लागू नये म्हणूनच तर लोक पुढल्या वर्षी पुन्हा येतात.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडायचं. 16 ऑगस्ट 1982 ला त्याचा वेगळा जिल्हा झाला. उर्दू कारभाराची भाषा होती, आणि कंधारसारख्या गावी दर्ग्याच्या उरुसात कव्वाली हिंदू-मुसलमान दोघंही ऐकत. त्यामुळे कव्वालीचा मुकाबला इथल्या कानाला परका कधीच नव्हता. आंबेडकरी गायकांनी तोच साचा उचलला, त्यात मराठी भरली आणि बाबासाहेबांचा विचार भरला. एका मंचावर दोन पार्ट्या, बहुधा एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला गायिका. टाळ्यांचा कोरस, बाजाची पेटी, ढोलक. पहिल्यानं सवाल टाकला की दुसऱ्यानं त्याच चालीत, त्याच यमकात जवाब द्यायचा. लिहून आणलेलं चालत नाही असं नाही, पण लोकांना जागच्या जागी सुचलेला जवाब लगेच ओळखू येतो, आणि नोटांची उधळण त्यावरच होते.

नांदेड आणि लातूरमध्ये 14 एप्रिलची आंबेडकर जयंती एका दिवसात संपत नाही. वस्त्या-वस्त्यांत गाण्याचे कार्यक्रम पुढं महिना-दीड महिना चालतात. या गाण्यांमागे इथलं रक्त आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या, लढ्यात 1978 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना मारलं गेलं. 1993 मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ज्या घरांत वर्तमानपत्र येत नव्हतं, त्या घरांत हा इतिहास गाण्यांच्या सामन्यांतून पोचला. एका गायिकेनं विचारायचं की नामांतरासाठी कोण कोण गेलं, समोरच्यानं नावं सांगायची. नुसत्या भाषणानं ही नावं इतकी पाठ झाली नसती.

या प्रवाहातलं सगळ्यांत मोठं नाव प्रल्हाद शिंदे यांचं. मंगळवेढ्याकडच्या या गायकाचा आवाज कॅसेटच्या जमान्यात विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून महाराष्ट्राच्या प्रत्येक एस.टी. स्टँडवर पोचला. 2004 मध्ये ते गेले. त्यांच्या सुरुवातीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पन्नाशीच्या दशकात देशभर गाजलेले कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत ते कोरसमध्ये गात होते. म्हणजे ज्या गळ्यानं पुढं लाखोंना वेड लावलं, तो आधी दुसऱ्याच्या मागे झील धरायला शिकला. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद शिंदे यांचंही तसंच. वडिलांच्या मागे गात तयार झालेल्या या भावांचं जोडनाव ऐंशीच्या दशकानंतर लग्नाच्या वरातीत, गणपतीत, जयंतीत सगळीकडे वाजायला लागलं. कोरस ही आपल्या ग्रामीण संगीताची शाळा आहे. मागे उभं राहून दुसऱ्याचा श्वास सांभाळायला जो शिकतो, तोच पुढं उभा राहू शकतो.

दूरच्या जोड्या

जोडीचं हे वेड फक्त आपलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरी, शेतकरी मुलखात गेल्या शतकात भावांच्या जोड्या गाजल्या. अलाबामाचे आयरा आणि चार्ली लूव्हिन हे त्यांतले मोठे. दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या पट्ट्यांत गात, आणि ते दोन सूर असे मिसळत की ऐकणाऱ्याला तिसराच आवाज ऐकू यावा. त्यांच्यानंतरच्या एव्हर्ली बंधूंनी तीच रीत जगभर नेली. त्या दोघांचं 1973 मध्ये बिनसलं आणि दहा वर्षांनी, 1983 मध्ये, ते पुन्हा एका मंचावर आले. आपल्या जवळ पंजाबात मोहम्मद सादिक आणि रणजित कौर, अमरसिंग चमकीला आणि अमरज्योत यांची दोगाणी ट्रकवाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या ओठांवर होती. चमकीला आणि अमरज्योत यांना 8 मार्च 1988 ला मेहसमपूर गावात, कार्यक्रमाला उतरतानाच गोळ्या घातल्या गेल्या. जोडीनं गाणाऱ्या या दोघांची जोडी मरणातही तशीच राहिली.

या जोड्यांच्या शेजारी आपल्या जोड्या ठेवल्या की आपलं वेगळेपण दिसतं. अमेरिकेतल्या भावांचे सूर एका वेळी एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे आवाज मिसळत नाहीत, ते आळीपाळीनं येतात. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. म्हणजे आपली जोडी ही दोन गायकांची नसून एका बोलणाऱ्याची आणि एका ऐकणाऱ्याची आहे, आणि तो ऐकणारा मंचावरच उभा आहे. गोंधळातला साथीदार, बतावणीतला सोंगाड्या, सामन्यातली समोरची पार्टी हे सगळे आपल्या वतीनं तिथं उभे असतात. आपल्याला पडलेली शंका तेच विचारतात. राजाला, देवाला, शाहिराला प्रश्न विचारायची मुभा आपल्या खेड्यातल्या माणसाला फार कमी ठिकाणी होती. गाण्याच्या जोडीत ती होती. म्हणून या जोड्यांवर लोकांनी इतका जीव लावला, असं मला वाटतं.

जात्यापाशी बसलेल्या दोघी

ज्या जोडीला कधी बोर्ड लागला नाही, बिदागी मिळाली नाही, ती जोडी जात्यावरची. पहाटे जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसतात, एका खुंट्याला दोघींचे हात. सासू-सून, जावा-जावा, नाहीतर शेजारणी. एकीनं ओवी काढायची, ती संपते न संपते तोच दुसरीनं त्याच चालीत पुढची जोडायची. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, आणि मराठवाड्यात भीमराव आणि रमाबाईसुद्धा. पिठाची गिरणी गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायांच्या खांद्यांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण ओवीची जागाही त्याबरोबर गेली.

इथं मात्र एक काम फार नीट झालं. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका. आज हा संग्रह 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानं सगळ्यांसाठी खुला केला आहे. या कामाची मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट आकड्यांची नाही. प्रत्येक ओवीसमोर ती गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. कोणती ओवी कोणी गायली, हे हरवू दिलेलं नाही. दळणकांडण करणाऱ्या बाईचं नाव कलावंत म्हणून नोंदवता येतं, तर गोंधळातल्या तुणतुणेवाल्याचं का नाही?

जोडी मोडते तेव्हा

या जोड्या कमी का झाल्या, याचं उत्तर लोक एका शब्दात देतात: डीजे. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. एकाच गायकानं तयार ट्रॅकवर गायलं तर एका माणसाच्या पैशात कार्यक्रम होतो. ऑक्टोपॅडवर एकटा माणूस ढोलकी, हलगी, संबळ सगळं वाजवतो. काटकसर करायची वेळ आली की पहिली गदा साथीदारावर येते. दुष्काळाच्या वर्षांत साथीदार ऊसतोडीला किंवा पुण्याकडे निघून जातो आणि नाईक एकटा उरतो. मुलं शिकली, नोकरीला लागली, हे आनंदाचंच आहे. पण बापाची जोडी मुलाकडे आपोआप जात नाही. त्यासाठी दुसऱ्याचाही मुलगा यावा लागतो.

एक जण मेला की दुसऱ्याचं काय होतं, याची उदाहरणं आहेत. तुकाराम खेडकर 1964 मध्ये गेले, तेव्हा कांताबाई सातारकरांपुढे लहान मुलं होती आणि फडात आधार उरला नव्हता. त्यांनी पुन्हा पायावर उभं राहून स्वतःचा फड काढला, मुलगा रघुवीर मोठा झाल्यावर त्याच्यासोबत पुन्हा जोडनाव लावलं, आणि 2021 मध्ये जग सोडलं. त्यांच्याकडे नाव होतं म्हणून ते जमलं. ज्यांच्याकडे नाव नव्हतं, अशा शेकडो साथीदारांचा नाईक गेला त्या दिवशी त्यांचा उदरनिर्वाहही गेला.

वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आहे, आणि 2024 पासून पात्र कलावंताला दरमहा 5,000 रुपये मिळतात. वयाची पन्नाशी आणि कलेतला किमान 15 वर्षांचा अनुभव ही अट आहे. अर्जासोबत कलेतल्या योगदानाचे पुरावे जोडायचे असतात: पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो. इथं साथीदार अडकतो. पत्रिकेवर 'अमुक नाईक आणि पार्टी' एवढंच छापलेलं असतं. फोटोत तो संबळाच्या मागे अर्धा दिसतो. कॅसेटच्या वेष्टणावर त्याचं नाव कधीच नव्हतं. तीस-चाळीस वर्षं झील धरलेल्या माणसाला आपण कलावंत आहोत हे कागदावर सिद्ध करता येत नाही, कारण आपण कोणीच त्याचं नाव कधी लिहिलं नाही. ही चूक सरकारची जितकी, तितकीच आपली सगळ्यांची आहे.

ती सुधारायला फार काही लागत नाही. लग्नात गोंधळ किंवा जागरण ठेवाल तर पत्रिकेवर नाईकाबरोबर संबळवाल्याचं, तुणतुणेवाल्याचं, मुरळीचं नाव आणि गाव छापा. मोबाइलवर कार्यक्रम टिपाल तर सुरुवातीलाच दोघांची नावं, तारीख आणि ठिकाण त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या. शाळेच्या मास्तरांनी आपल्या गावातल्या कलावंतांची एक वही करावी, ग्रामपंचायतीनं त्या वहीवर शिक्का द्यावा. तोच शिक्का उद्या मानधनाच्या अर्जाला लागेल. आणि माळेगावच्या यात्रेची पत्रिका काढणाऱ्या नांदेड जिल्हा परिषदेनं एक नियम करावा: जो कलावंत मंचावर चढेल, त्याचं नाव पत्रिकेत असेल, मग तो पुढं उभा असो की मागे. येत्या मार्गशीर्षात ही पत्रिका छापायला जाण्याआधी हे व्हायला हवं.